आतल्या खिशातलं पांढरं पाकीट

फोशान, १२ डिसेंबर

ती. मान-हा ताईस,
धाकट्या आ-सानचा सा. न. वि. वि.

कोट आमच्याच शहरात, सात महिन्यांच्या एका गरोदर बाईकडे गेला आहे, आणि त्याच्या आतल्या खिशात मयताचं पांढरं पाकीट निघालं आहे. आज सकाळी दुकानाच्या मदतकक्षातल्या मुलीने फोन करून हे सांगितलं. टॅगचा क्रमांक तिने दोनदा वाचून दाखवला. क्रमांक मी परत केलेल्या कोटाचा होता. पाकीटही माझंच. मी माझं नाही म्हणून सांगितलं.

आता पहिल्यापासून सांगते. फोन करायची सोय नाही. आ-कोंग, आमचा नवरोबा, घरात असतो, आणि भिंतीपलीकडे सासूबाई. फोनवर लिहावं तर संध्याकाळी तो फोन गृहपाठासाठी पोरीच्या हातात जातो. शिवाय फोनवरचं लिहिलेलं कोण कुठे पुढे ढकलतं ते मी रोज बघते. म्हणून बाबा आपल्याला रविवारी बसवून मामाला पत्रं लिहायला लावायचे, तशी कागद घेऊन बसले आहे.

आमच्या बालवाडीच्या मुख्याध्यापिका लुईबाई, त्यांची आई गेल्या महिन्यात वारली. सव्वीस तारखेला मयताला जायचं ठरलं. नेमकी त्याच आठवड्यात थंडीची पहिली लाट आली. माझ्याकडे जाड कोट एकच, टोमॅटोसारखा लाल, टोपीवाला. तो घालून मेलेल्या माणसासमोर कशी उभी राहू? आणि इकडे थंडी वर्षातून दोन आठवडे. एका मयतासाठी काळा लोकरी कोट घेऊन पुढे तो लग्नाला थोडाच घालता येतो. म्हणून ऑनलाइन मागवला. ताई, तुझ्याशी खोटं बोलत नाही, परत करायचा हे मागवतानाच ठरलेलं होतं. सात दिवसांत कारण न देता परत करता येतो, हे काय मी एकटीच जाणते? आमच्यातल्या चौघी तर दर स्नेहसंमेलनाला तेच करतात.

हल्ली दुकानदार ताटाएवढा टॅग लावतात, छातीवर. काढला तर परत घेणार नाही असं त्यावर मोठ्या अक्षरांत. मग तू सांगितलेली युक्ती केली. टॅग आत वळवला आणि अस्तराला दोन कच्चे टाके घातले. तो नेमका बरगडीवर बसला. तीनदा वाकून नमस्कार करायचा, आणि वाकलं की पुठ्ठा वाजायचा. लुईबाईंनी दोन्ही हातांनी माझा हात धरला, म्हणाल्या, एवढ्या थंडीत सकाळपासून उभी आहेस, पोरी. माझं सगळं लक्ष पुठ्ठ्याकडे.

निघताना फाटकाशी सगळ्यांना मिळतं तसं पांढरं पाकीट मिळालं. गोळी, नाणं, कागदी रुमाल. गोळी तिथेच खायची, नाणं वाटेत खर्चायचं, घरात काही आणायचं नाही, हे आईने आपल्याला चालता येण्याआधी शिकवलं असेल. पण मला घाई कोटाची. उदबत्तीचा वास बसायच्या आत तो अंगातून काढायचा होता. पाकीट आतल्या खिशात टाकलं, मेट्रोच्या बाथरूममध्ये कोट काढला, टाके उसवले, मूळच्या घडीवर घडी घातली आणि गल्लीच्या तोंडाशी कुरिअरवाल्याच्या हवाली केला. मयताचा कोट घरात शिरला नाही म्हणून उलट बरंच वाटलं. घरी येऊन विटाळ जावा म्हणून पपनसाच्या पानांच्या पाण्याने हातपाय धुतले. पाकिटाची आठवण आज त्या मुलीने करून दिली.

त्या बाईने कोट आठवडाभर घातला. दवाखान्यात तपासणीलाही घालून गेली. मग रुमाल शोधायला आत हात घातला. तिला पैसे नकोत, नवा कोट नको. मदतकक्षातली मुलगी सांगत होती, ती एवढंच विचारते की मेलं कोण, किती वर्षांचं, आणि कशाने. पिकलं पान गळलं असेल तर ती हसून सोडून देईल. तरणंताठं कुणी गेलं असेल, किंवा बाळंतपणात कुणी, तर तिला ते कळायला हवं. तोवर तिला झोप नाही, घास जात नाही.

ताई, लुईबाईंची आई एक्याण्णव वर्षांची होती. जेवून खुर्चीत बसली आणि झोपेत गेली. एवढं एक वाक्य. ते माझ्या जिभेवर होतं, आणि मी म्हटलं, पाकीट माझं नाही, माझ्याआधी कुणी कोट नेला असेल त्याला विचारा.

जानेवारीत माझा करार नवा व्हायचा आहे. बालवाडीत आम्ही मुलांना पहिलं गाणं शिकवतो तेच मुळी दुसऱ्याची वस्तू परत देण्याचं. काय करू ते लिही. फोन करू नकोस.

धाकटीला वेडी म्हण, पण दूर करू नकोस.
तुझी आ-सान


ज्याशिंग, १६ डिसेंबर

चि. आ-सान हिस,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र काल पोचलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून तुझ्या भावोजींना वाटलं, तुला पुन्हा दिवस गेले. नाहीतर हल्ली कागदावर कोण लिहितं, म्हणाले. मी म्हटलं, बाबांची सवय. मग पत्र कामाच्या जागी नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून वाचलं. तिथे फोन पेटीत ठेवायला लावतात, कागदाला कुणी हरकत घेत नाही.

आधी मी काय काम करते ते नीट सांगते, कारण इतकी वर्षं तुला वाटतं मी गोदामात घड्या घालते. माझ्या टेबलावर परतीचे कपडे येतात. शिफ्टला पाचशे नग. एका नगाला मिनिटही मिळत नाही. काख हुंगायची, गळपट्टीवर पावडर बघायची, खालची दुमड बघायची, बाहेरच्या खिशांत हात घालायचा. आतला खिसाही नियमात आहे, पण नियम ज्याने लिहिला तो कधी टेबलाशी उभा राहिलेला नाही. परवा एका शाळेतून नाचाचे तीस लाल पोशाख आले. सगळ्यांच्या काखा ओल्या, एकाच्या खिशात अर्धं बिस्कीट. परतीचं कारण लिहिलं होतं, रंग आवडला नाही. तिसाच्या तीस पोरांना.

तर तुझा कोटही कुणीतरी माझ्यासारखीने हुंगला असणार. आमचा आणि त्या दुकानाचा संबंध नाही, पण पद्धत सगळीकडे एकच. दक्षिणेतून परत आलेला माल दक्षिणेतल्याच गोदामात उतरवतात आणि तिथूनच पुढच्या गिऱ्हाइकाला पाठवतात, वाहतूक वाचते. म्हणून तो फिरून तुझ्याच गावात आला. यात दैवाचा हात शोधत बसू नकोस. आणि एक. तपासलेल्या प्रत्येक नगाच्या बाहीत तपासणारणीच्या नावाची चिठ्ठी असते. तू नाही म्हणालीस तेव्हा त्या मुलीने पुढची चौकशी कुणाकडे केली असेल याचा विचार कर.

तू लिहिलंस की मयताचा कोट घरात शिरू दिला नाहीस. खरं आहे. तू अशुभ घरात आणलं नाहीस, कुरिअरने पाठवलंस.

हे वाचून रडू नकोस. टाके घालायची युक्ती माझीच आहे. टेबलावर असे टाके इतक्यांदा बघितले की दोन वर्षांपूर्वी जेवताना गंमत म्हणून तुला दाखवले, आणि तू किती हसलीस. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तशा चोर पकडणारीलाही असतात. त्या तोंडातून बाहेर काढायच्या नसतात एवढं मला कळलं नाही.

मला भीती वाटते ती तुझ्या नावाची. तुझ्या गावात नाव गेलं तर बालवाडीपासून मासळीबाजारापर्यंत जाईल. म्हणून असं कर. त्या बाईला निनावी कळव. वय लिही, झोपेत गेल्या ते लिही. तिला हवं ते मिळेल, तुझंही निभावेल. पत्ता मिळव, पण कुणाला विचारून नको.

सूप पीत जा. तुझ्या पत्रातल्या अक्षरावरून कळतं, तू जेवत नाहीस.

आशीर्वाद आहेतच, ते मोजू नकोस.
तुझी ताई


फोशान, २२ डिसेंबर

ती. ताईस,
आ-सानचा सा. न. वि. वि.

आज हिवाळसणाचं जेवण, वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. तिळाच्या गोळ्या उकळत होत्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, पाणी आटलं तरी तुझं लक्ष कुठे? हल्ली त्या माझ्याकडे बघतात तेव्हा मला वाटतं, त्यांना सगळं माहीत आहे. मग त्या मीठ मागतात.

पत्ता शोधावा लागला नाही. तो आपण होऊन आला. आमच्या पालकांच्या ग्रुपमध्ये कुणीतरी फोटो पुढे पाठवला: टेबलावर पसरलेला काळा कोट, त्यावर पांढरं पाकीट. खाली लिहिलं होतं, कालव्याजवळच्या सहाव्या इमारतीतलं फॉक कुटुंब नम्रपणे विचारतं, हे कुठल्या घरचं? आम्हाला भांडायचं नाही, फक्त गेलेल्या माणसाचं वय कळवा. पाकिटावर नाव नाही. अंत्यविधीगृहात ढिगाने मिळतात तसलं, म्हणून कुणालाच ओळखता येणार नाही. माझा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडला.

तू सांगितलंस तसं केलं. साध्या कागदावर डाव्या हाताने लिहिलं: मयत एक्याण्णव वर्षांच्या आजीचं होतं, त्या जेवून खुर्चीत झोपल्या त्या उठल्या नाहीत, काळजी करू नये. मंगळवारी शाळेला जाताना त्यांच्या पत्रपेटीत टाकलं. दिवसभर हलकं वाटलं. मुलांना दोन गोष्टी जास्त सांगितल्या.

बुधवारी त्या कागदाचा फोटो ग्रुपमध्ये. खाली फॉकांच्या सासूने लिहिलेलं. ते मला पाठ झालंय: ज्या हाताला नाव लिहायचा धीर नाही, त्याने लिहिलेलं वय आम्ही कसं धरायचं? एक्याण्णव लिहायला जेवढी शाई लागते तेवढीच एकशेदहा लिहायलाही लागते. माझ्या सुनेला धीर द्यायला शेजारच्या चौघींनी आतापर्यंत अशाच चार आज्या मारल्या आहेत. बिननावाचा शब्द तो शब्दच नव्हे.

फोटोच्या वर फॉकबाईंची सून, तिचं नाव यी-लाम, हिने एकच ओळ लिहिली होती. हे खरं असेल तर कृपा करून समोर येऊन सांगा.

मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षिकांच्या खोलीत तोच विषय. हुंगबाईंनी फोन नाकाशी धरून अक्षर बघितलं आणि म्हणाल्या, डाव्या हाताने लिहिलंय, पण ओळी कशा सरळ आहेत बघा, फळ्यावर लिहायची सवय असलेलं माणूस आहे हे. बाकीच्या हसल्या. एकीने मला विचारलं, काय गं, तुझा नाही ना डावा हात? मीही हसले. मला वाटतं मी जरा जास्त हसले.

आणि ताई, आपण दोघींनी एक विचारच केला नाही. लुईबाईही त्या ग्रुपमध्ये आहेत. त्यांनी चष्मा खाली ओढून तो कागद वाचला. मग पुन्हा वाचला. एक्याण्णव, जेवून, खुर्चीत. थोड्या वेळाने सहज विचारल्यासारखं विचारलं, आईच्या वेळी बालवाडीतून कोणकोण आल्या होत्या गं, मला सगळ्यांना आभाराचं लिहायचं राहिलंय. हुंगबाईंनी बोटं मोजत नावं सांगितली. अकरा. माझं नाव सातवं.

मदतकक्षातल्या मुलीचा पुन्हा फोन आला होता. ती म्हणाली, प्रकरण मिटलं, तुम्हाला आता त्रास देणार नाही. ज्या बाईने तो कोट तपासला होता तिला टेबलावरून काढलं आहे. हे तिने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

प्रेम असू दे, आणि उत्तर लवकर असू दे.
तुझी आ-सान


फोशान, २४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवाचं पत्र तुला पोचलंही नसेल तोवर हे दुसरं.

फॉकांच्या सुनेला काल दवाखान्यात ठेवलं. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई तिथे परिचारिका आहे. मुलीला न्यायला आली तेव्हा दारातच हुंगबाईंना सांगत होती. रक्तदाब चढलाय. पोटातलं बाळ सध्या ठीक आहे, पण अजून दोन महिने काढायचेत आणि बाई धड जेवत नाही, झोपत नाही. डॉक्टर म्हणाले, शरीरात दोष सापडत नाही, मनात काय आहे ते घरच्यांनी बघा. नवरा बिचारा कोट घेऊन कालव्यावर गेला होता जाळायला. सासूने परत आणवला. तिचं म्हणणं, कुणाचा ते कळल्याशिवाय जाळला तर त्याचंही काही लागेल.

मी तिथेच उभी होते, एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत. नाडी मला बांधता येईना. शेवटी तोच म्हणाला, बाई, मी बांधू का?

मला आता दोन भीती आहेत आणि त्या एकमेकींना भेटत नाहीत. दिवसा वाटतं, कुणाला कळलं तर. अंथरुणावर पडलं की वाटतं, कुणाला कळलंच नाही आणि त्या पोरीचं काही झालं तर. मग ते फक्त तुला-मला माहीत असेल, मरेपर्यंत.

लिही काहीतरी.
आ-सान


ज्याशिंग, २७ डिसेंबर

चि. आ-सान हिस,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. उत्तर काल लिहिलं होतं. त्यात मी लिहिलं होतं की बाळ होईपर्यंत गप्प बस, मग बघू. ते पत्र पेटीत टाकायला निघाले आणि टाकलं नाही. फाडून भाताच्या चुलीत घातलं. तुला हे कळावं म्हणून सांगते, नाहीतर तुला वाटेल, ताईला योग्य काय ते बसल्या जागी सुचतं.

त्या तपासणारणीबद्दल. टेबलावरून काढलं म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही. तिला घरी पाठवत नाहीत. गाठोडी उचलायला लावतात, ट्रकपासून पट्ट्यापर्यंत, जोवर ती स्वतः जात नाही. माझ्याही नावाची चिठ्ठी तीन वर्षांपूर्वी एका बाहीत सापडली होती, गळपट्टीवर ओठांचा रंग निघाला म्हणून. मी चार महिने गाठोडी उचलली. कंबरेचं दुखणं तेव्हाचं. तुला मी सांगितलं होतं, जिन्यावरून पडले. तो ओठांचा रंग कुणाचा होता ते मला कधी कळलं नाही. तिलाही कळलं नसेल की मी आहे. कपडा परत करणाऱ्याला वाटतं, दुकान म्हणजे एक मोठं कपाट, त्यात घातलं की झालं. कपाटाच्या आत आम्ही उभ्या असतो.

निनावी लिहायचा सल्ला माझा होता आणि तो भित्रा होता. फॉकांची सासू बरोबर बोलली. आपण त्या पोरीला खरं दिलं, पण वापरता येणार नाही असं करून दिलं.

आता माझं ऐक. आधी लुईबाईंकडे जा. फॉकांकडे नंतर. त्यांच्या आईची गोष्ट त्यांना न विचारता तू दुसऱ्यांदा कुणाला सांगायची नाहीस. त्यांना सगळं सांग, टाक्यांसकट. युक्ती ताईने शिकवली हेही सांग. मी लांब आहे, मला काय होणार आहे म्हणा, पण सांग. दुकानालाही फोन कर आणि पाकीट माझं होतं म्हण. तिला परत टेबलावर घेतील अशी खात्री मी देत नाही. आमच्यात चूक सिद्ध व्हायला एक मिनिट लागतं, चूक नव्हती हे सिद्ध व्हायला कुणाला वेळ नसतो.

करार गेला तर गेला. वसंताच्या सणानंतर इकडे ये, भावोजी स्वयंपाक करतील. जेवण गोडमिट्ट असतं, तेवढी शिक्षा पुरे.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस.

तुझी, कायमची,
ताई


फोशान, ६ जानेवारी

ती. ताईस,
आ-सानचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बुधवारी गेले नाही. गुरुवारी मुलं गेल्यावर गेले.

लुईबाई मुलांच्या दुपारच्या झोपेच्या दुलया मोजून कपाटात ठेवत होत्या. मी दार लावलं आणि उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. कोट, टॅग, टाके, बाथरूम, कुरिअर. त्या दुलया ठेवत राहिल्या. मला वाटलं, ऐकत नाहीत. मदतकक्षाच्या फोनपर्यंत आले, मी नाही म्हणाले ते सांगितलं, तेव्हा त्यांचा हात थांबला. कोणत्या तारखेला, असं विचारलं. बारा डिसेंबर, म्हटलं. त्यांनी मनात हिशेब केला.

मला वाटलं होतं त्या कोटाबद्दल बोलतील. आईच्या शेवटच्या नमस्काराला उसना कोट घालून आलीस, असं काहीतरी. त्याची तयारी मी करून गेले होते. त्या म्हणाल्या, तुला काळा कोट घालून ये असं कुणी सांगितलं होतं? तुझा लाल असता तर तो झाकायला वरून आईचा मळका एप्रन बांधून उभी केली असती तुला. आणि मग बसल्या, मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर, आणि जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते.

“माझ्या आईला चांगलं मरण आलं. असं मरण शंभरात एकाला येतं. ते कुणाच्या तरी कामी आलं असतं, आणि तू ते तेवीस दिवस दाबून ठेवलंस.”



त्यांनी कागद वाचला तेव्हाच ओळखलं होतं, पण अकराजणींपैकी कोण ते कळत नव्हतं. तुम्ही अकराहीजणी मला रोज सकाळी नमस्कार करत होता, म्हणाल्या, आणि मी रोज प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होते. एकीमुळे दहाजणींना बघावं लागलं. मग त्यांनी ग्रुपमधला फॉकांचा नंबर काढून तिथूनच फोन लावला. सासूने उचलला. लुईबाईंनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग आईचं, मग वय, मग ती काय जेवली होती तेही, पेज आणि वाफवलेला मासा. त्यावर फॉकांच्या सासूबाई म्हणाल्या की बाई, तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला, पण विश्वास माझा बसून उपयोग नाही. सून परवा दवाखान्यातून घरी आली आहे आणि अजून कोटाची खोली बंद ठेवते. जिने पाकीट ठेवलं तिला सुनेसमोर येऊन सांगू दे. तोंड बघितल्याशिवाय ती मानायची नाही.

म्हणून उद्या, रविवारी, सकाळी दहाला जायचं ठरलं आहे. लुईबाई सुतकात, शंभर दिवस झालेले नाहीत, आणि घरात गरोदर बाई. त्या उंबरठा ओलांडणार नाहीत. इमारतीच्या फाटकाशी आईचा फोटो घेऊन उभ्या राहतील आणि फॉकांची सासू खाली येऊन त्यांना भेटेल. वर त्यांच्या घरी मला एकटीला जायचं आहे.

कराराचं मी विचारलं नाही. निघताना त्याच म्हणाल्या, पंधरा तारखेला समितीची बैठक आहे, तिथे मी हे झाकणार नाही, पण सांगणारही नाही. तू स्वतःच्या हाताने लिहून आण, उजव्या. ते लिहून झालं आहे. पानभर होईल असं वाटलं होतं, सहा ओळींत संपलं.

दुकानाला फोन केला. तीच मुलगी होती. ती म्हणाली की बाई, आता हे मी वर कसं सांगू. पण लिहून घेतलं. तपासणारणीचं नाव विचारलं तर ते सांगता येत नाही म्हणाली. फक्त एवढं म्हणाली की ती अजून आहे, सोडून गेलेली नाही. सोमवारी कळवते असं तिने सांगितलंय. गाठोड्यांचं तुझं वाचल्यापासून कुणाची कंबर दुखते म्हटलं की मला कसंतरी होतं.

आ-कोंगला काल सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे महिनाभर तू मीठ विसरत होतीस ते यासाठी होय. सकाळी पपनसाची पानं आणून ठेवली होती, त्या घरी न्यायला. सासूबाईंना अजून माहीत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत कळेल, ग्रुप आहेच.

ताई, तू म्हणशील आता कसली भीती. सांगते. वय सांगायची भीती नाही, नाव सांगायची गेली. यी-लाम माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे. ती वय ऐकेल, झोपेत गेल्या ते ऐकेल, कदाचित तिचा जीव शांत होईल. मग ती विचारील की हे तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत होतं, तर दुकानाने विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत. ती विचारणारच. मी तिच्या जागी असते तर विचारलं असतं. त्याचं उत्तर मी कालपासून शोधते आहे. जे जे सापडतं ते ते तिच्या पोटाकडे बघून म्हणता येईल असं वाटत नाही.

लुईबाई साडेनऊला कालव्याच्या पुलावर भेटतील. मी नऊला निघेन.

तुझी माया उद्या दहा वाजता माझ्या बाजूला असू दे, नंतरचं नंतर.
तुझी आ-सान